मधलं उत्तर

"सध्या कोणता महिना चालू आहे, काका?" समोरच्या बाईनं विचारलं आणि शंकरसिंगच्या ओठांवर आलेलं उत्तर तिथेच अडलं. महिना त्याला ठाऊक होता. सकाळी नेरहून यवतमाळला येताना बसच्या खिडकीतून तुरीच्या गंजी दिसल्या होत्या, वेचून झालेल्या पऱ्हाट्या लालसर पडल्या होत्या, आणि पुढच्या सीटवरचा एक माणूस नव्या वर्षाचं कॅलेंडर गुंडाळून मांडीवर धरून बसला होता. जानेवारी. पण जानेवारी म्हणावं की म्हणू नये, हे त्याला कळेना. एवढ्याशा प्रश्नाला एवढा वेळ लागतोय हे पाहून ती बाई हलकं हसली, धीर देणारं, आणि त्या हसण्यानं तो जास्तच गोंधळला. ते हसू बरोबर उत्तराची वाट बघत होतं की चुकीच्या, हे त्याला ओळखता येईना.

वृद्धाश्रमाचा तसा नियमच होता. गावाबाहेरच्या त्या दुमजली इमारतीत कोणालाही राहायला घ्यायचं तर आधी त्याचं डोकं आणि मन दोन्ही तपासून घ्यायचं. त्यासाठी निशिगंधा मॅडम यायच्या. आताही त्याच समोर बसल्या होत्या, तिशीच्या, कपाळाला बारीकशी टिकली, थंडीमुळे अंगात मरून स्वेटर. आश्रमाला दोन बाजू होत्या. पुढच्या बाजूला स्वतःचं स्वतः करणारे राहत; त्यांच्या खोल्यांपुढे तुळशी होत्या, दोरीवर धोतरं वाळत होती. मागच्या बाजूला नर्स असायची, दाराला बाहेरून कडी असायची. तिथं आठवण गेलेले आणि अंथरुणाला खिळलेले. आणि ज्याचं मनच बिघडलं आहे, त्याला उपचार झाल्याशिवाय कुठल्याच बाजूला घेत नसत. हे सगळं ऑफिसातल्या माणसानं बाहेरच्या बाकावर समजावून सांगितलं होतं, पण ते शंकरसिंगला नाही, त्याच्या मुलीला, दीपाला. तो शेजारीच बसला होता. ऐकू त्याला चांगलं येत होतं.

घोळ इथेच होता. दीपा बसमध्ये त्याचा हात धरून म्हणाली होती, "बा, सगळं नीट सांगजा. तुमाले सगळं समजते, मले माहीत हाय." तिला बाप शहाणा ठरायला हवा होता. पण कपिल, पुण्याचा मुलगा, त्यानं आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं की जास्त हुशारी दाखवू नका, जे आठवत नाही ते आठवत नाही म्हणा, म्हणजे मागच्या बाजूला जागा मिळेल, तिथं चोवीस तास माणूस असतो, मला इकडे निर्धास्त झोप लागेल. दोघंही त्याचीच मुलं, दोघंही त्याच्या भल्याचंच बोलत होती. नीट सांगितलं तर ही बाई म्हणेल, बुवा चांगला आहे, मग आला कशाला. आणि फारच बिघडवून सांगितलं तर म्हणेल, हा आमच्याकडे नको, नागपूरला वेड्यांच्या दवाखान्यात न्या. परीक्षा द्यायला बसलेल्या माणसाला निदान पास व्हायचं असतं एवढं तरी माहीत असतं. शंकरसिंगला तेही माहीत नव्हतं.

"जानेवारी," तो शेवटी म्हणाला, आणि घाईनं पुढे जोडलं, "असन बहुतेक."

मॅडमनी काहीतरी लिहिलं. खोलीत फिनाईलचा वास होता, नुकतीच फरशी पुसली असावी. त्या वासानं तो क्षणभर मारेगावला जाऊन पोचला, जनावरांच्या दवाखान्यात, जिथं तो अगदी तरुणपणी मलमपट्टीच्या कामाला लागला होता. सकाळी आधी फिनाईलनं ओटा धुवायचा, मग सुया उकळत ठेवायच्या, मग बाहेर लिंबाखाली बांधलेल्या गाई-बैलांकडे बघायचं. मारेगाव, मग बोरी अरब, मग नेर, सगळी नोकरी त्यानं जनावरं धरण्यात घालवली. खोडा आवळायचा, मान दाबायची, शेपूट वर धरायचं. आणि या सगळ्या काळात एक गोष्ट त्याच्या अंगात मुरली होती. दवाखान्यात जनावर बोलत नाही, मालक बोलतो. डॉक्टर विचारतात, चारा खाते का, आणि बैल नुसता उभा असतो. उत्तर मालक देतो, खरं नाहीतर खोटं. बैलाच्या पोटात काय चाललंय ते बैलालाच माहीत, पण त्याला कोणी विचारत नाही, आणि विचारत नाहीत याचं त्याला काही वाटतही नसावं. घरीही शंकरसिंगचं तसंच होतं. त्याच्या तब्येतीचं, त्याच्या आवडीनिवडीचं, पाहुण्यांशी, मुलांशी, दुकानदाराशी सगळं बोलणं हंसाबाई करायची. "त्याईले कढी नाही चालत," ती सांगायची. "त्याईचं डोकं दुखून राह्यलं." आणि खरोखरच ती म्हणायची तेव्हाच त्याला कळायचं की हो, डोकं दुखतंय. हंसाबाई गेल्यावर जग त्याला थेटच विचारायला लागलं. आणि आज तर मालकालाच बाहेर बसवलं होतं. मुलगी बाकावर, आणि बैल खुर्चीवर.

मॅडमनी तीन शब्द सांगितले, विहीर, कंदील, पेरू. ध्यानात ठेवा म्हणाल्या, थोड्या वेळानं विचारीन. मग वीसपासून उलटं मोजायला लावलं. तो मोजत गेला, आणि मोजता मोजता त्याच्या मनात एक युक्ती आली. त्याला ती फारच पटली. निम्मं बरोबर सांगायचं, निम्मं चुकवायचं. म्हणजे दीपाचंही राहील, कपिलचंही राहील. बाजारातला बैलही असाच विकला जातो; फार उसळला तर मारका म्हणून गिऱ्हाईक सरकतं, फार मान टाकली तर रोगट म्हणून. मधला चालतो. म्हणून बारा झाल्यावर त्यानं अकरा गाळला आणि दहा म्हटला. मॅडमनी वर पाहिलं. त्याला वाटलं, जमलं. पण पुढच्याच कामात त्याची फजिती झाली. कागदावर घड्याळ काढा आणि त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा, असं सांगून त्यांनी पेन्सिल दिली, आणि कुठला आकडा चुकवावा याचा विचार करेपर्यंत त्याच्या हातानं गोल काढून, आकडे टाकून, दोन्ही काटे जागच्या जागी बसवलेसुद्धा. हात असा फितूर होईल हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यानं पेन्सिल खाली ठेवली आणि आपल्याच हाताकडे तो नवल करत पाहत राहिला. एवढी वर्षं त्या हातानं सांगितलेलंच केलं होतं.

"आता मघाचे तीन शब्द सांगता का?"

तिन्ही होते. ते नुसते शब्द नव्हते, मघापासून डोळ्यांपुढे उभे होते. बोरी अरबजवळच्या त्यांच्या तांड्याची विहीर, तिच्या कठड्यावर ठेवलेला कंदील, आणि पेरू हंसाबाईच्या ओटीतला, लग्नानंतर पहिल्यांदा ती माहेराहून आली तेव्हाचा, एका बाजूनं चिमणीनं टोचलेला. तो तिनं त्याला दिला होता आणि म्हणाली होती, चिमणीला कळतं गोड कोणता ते. पेरू सांगायचा नाही, असं त्यानं ठरवलं. विहीर म्हणाला, कंदील म्हणाला, आणि थांबला. थांबल्यावर मात्र छातीत काहीतरी चावल्यासारखं झालं. खोटं बोललो याचं नव्हे. पेरू विसरलो असं त्या कागदावर लिहिलं जाणार याचं. हंसाबाईचा पेरू विसरला, असं कोणीतरी शाईनं लिहितंय आणि आपण गप्प बसून ते लिहू देतोय. मग त्याला वाटलं, आधीपासून असंच तर चाललंय. लोक लिहितात आणि आपण गप्प बसतो.

मागं एका गाईचं झालं तेच घ्या. हंसाबाई गेल्यानंतर दुपारी घरात बसवत नसे. भिंतीवरून ऊन सरकत जायचं आणि ते सरकताना दिसायचं, याचा त्याला त्रास होऊ लागला. म्हणून तो नेरच्या जनावरांच्या दवाखान्यात जाऊन लिंबाखाली बसायचा. तिथं आता त्याला ओळखणारं कोणी नव्हतं. एका दुपारी समोर एक गाय बांधलेली होती, काळी, एका शिंगाची, आणि तिच्या गळ्यातला दोर इतका आवळला होता की तिला मान खाली घालता येत नव्हती. त्यानं उठून दोर सैल केला. गाठ सुटली, गाय चालू लागली, रस्त्यावर आली, एका मोटरसायकलवाल्याचा तोल गेला, गाईचा मालक ओरडत आला. एवढंच झालं होतं. पण संध्याकाळी शेजारच्या उकंडाभाऊकडून ती गोष्ट दीपाकडे गेली, दीपाकडून कपिलकडे, आणि पुण्याहून परत आली तेव्हा ती अशी झाली होती की बा कोणाचीही गाय सोडत फिरतात, त्यांना वाटतं आपण अजून नोकरीवर आहोत. दोर आवळला होता हे त्यानं सांगितलं होतं. एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना दीपानं "हाव बा, हाव" म्हणून पाठीवरून हात फिरवला, तेव्हा तो थांबला. आणि मग मागाहून, एकटा असताना, त्याला स्वतःलाच शंका यायला लागली. दोर खरंच आवळला होता का? की आपल्यालाच गळ्याशी काहीतरी आवळल्यासारखं होत होतं, आणि ते आपल्याला गाईच्या गळ्यात दिसलं? आधी डोळ्यांपुढे तो दोर स्पष्ट होता, त्याच्या पिळातला गवताचा काडीएवढा तुकडासुद्धा. हळूहळू तो पुसट झाला. लोक म्हणतात तसं झालं असेल, असं मानण्यात एक प्रकारचा आराम होता. गुंगीची सुई दिलेलं जनावर आधी पाय ताठ करतं, मग सोडून देतं, तसा.

"काका," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही उत्तर द्यायच्या आधी दर वेळी माझ्या तोंडाकडं बघता. इथं पास-नापास नाही हो."

त्याला ते खरं वाटलं नाही. पास-नापास नाही तर कागद कशाला? पण तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिनं पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, तो त्यानं घेतला, आणि तिनं कागद उलटला. दुसऱ्या बाजूचे प्रश्न वेगळे निघाले. आता महिना, वार, गाव असलं काही नव्हतं. झोप लागते का? जेवणाची चव लागते का? पूर्वी जे आवडायचं ते आता करावंसं वाटतं का? रोजचा दिवस रिकामा वाटतो का? या प्रश्नांना निम्मं चुकवायचं कसं हे त्याला समजेना, कारण त्यांचं बरोबर उत्तर काय, हेच त्याला माहीत नव्हतं. झोप लागते म्हणावी तर लागते, पहाटे फार लवकर जाग येते आणि मग छताकडे बघत पडायचं. चव? भाजी कोणती केली होती हे ताट धुताना आठवत नाही, पण ते विसरल्यामुळे नव्हे; ती खाल्लीच नुसती, तोंडानं. आवडायचं ते? आवडायचं काय, हे सांगणारी होती ती. तो तुटक तुटक सांगत गेला, मधे मधे थांबत, आणि त्याला भास झाला की आपण जनावराची पाहणी करतोय, कुठे दाबलं की अंग चोरतं ते बघतोय, फक्त जनावर आपणच आहोत.

मग तिनं, कागदाकडे न बघता, त्याच आवाजात विचारलं, "जगून काय उपयोग, मेलेलं बरं, असं कधी वाटतं का काका?"

बाहेर व्हरांड्यात कोणीतरी काठी टेकत गेलं. शंकरसिंगनं ग्लास खाली ठेवला. त्याला राग यायला हवा होता. आतापर्यंत कोणी, घरच्यानं की बाहेरच्यानं, त्याला असलं काही विचारलं नव्हतं. पण राग आला नाही. त्याला भलतंच काहीतरी जाणून घ्यावंसं वाटलं.

"हे सगळ्याईले इचारता का?"

"सगळ्यांना. जे इथं येतात त्या सगळ्यांना."

"छापेल हाय? त्याच्यात?"

तिनं कागद फिरवून त्याच्यापुढे धरला. होता. इतर प्रश्नांसारखाच, त्याच अक्षरात, वर जेवणाच्या चवीचा प्रश्न आणि खाली कंबरदुखीचा. त्यानं तो वाचला. पुन्हा वाचला. आपल्याला जे होतंय त्याला काही नाव नाही, ते फक्त नेरच्या आपल्या घरात, आपल्या दोन खोल्यांतच आहे, अशी त्याची समजूत होती. ते छापलेलं असेल, छापावं लागेल इतक्या माणसांना होत असेल, ही गोष्ट त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. त्या पुढच्या बाजूच्या धोतरवाल्यांनासुद्धा हे विचारलं असेल. त्यातल्या कोणीतरी हाव म्हटलं असेल.

"गॅसचं तुमाले सांगितलं असन पोरीनं," तो म्हणाला.

मॅडमना दीपानं सांगितलं होतं. काका दूध तापत ठेवून विसरले, दूध उतू जाऊन गॅस विझला, आणि गॅस तसाच सुरू राहिला. शेजारचे उकंडाभाऊ कुदळ मागायला आले म्हणून बरं, त्यांनी बटण बंद करून खिडक्या उघडल्या. त्या दिवसानंतरच कपिलनं वृद्धाश्रमाचं मनावर घेतलं होतं. गाईचं एक वेळ चाललं असतं.

"इसरलो नोतो," शंकरसिंग म्हणाला.

आणि म्हटल्याबरोबर त्याला वाटलं, हेही खरं नाही. कारण मुद्दामही केलं नव्हतं. दूध ठेवलं होतं ते चहाकरताच. बाजूच्या खोलीत येऊन बसला होता. दुधाचा चुर्र आवाज आला, तो त्यानं ऐकला. विझल्याचं समजलं. मग तो वास आला. त्या वासाला, हंसाबाई असती तर, ती जिथं असेल तिथून धावत आली असती. तो बसून राहिला. उठावं असं वाटलं, म्हणजे उठतात अशा वेळी, हे आठवलं. पण पाय आणि ते आठवणं यांच्यामधे काहीतरी सैल झालं होतं. वास वाढत गेला. त्याला भीती वाटली नाही, आणि बरंही वाटलं नाही. एवढंच वाटलं की आता यापुढे कोणाला काही सांगावं लागणार नाही. हे त्यानं मॅडमना जसं आलं तसं सांगितलं, मागचं पुढे, पुढचं मागे, मधे मधे "काय सांगू" म्हणत. "उकंडा आला त्यानं बंद केलं," तो म्हणाला. "तो मले म्हणे, काका, इसरले का? मी म्हटलं, हाव. त्यानंच शब्द देल्ला, मी घेतला. मंग सगळेच म्हणाले लागले, इसरतात, इसरतात. म्या म्हटलं, चांगलं हाय. इसरणाऱ्याले कोणी काही म्हणत नाही."

मॅडमनी पेन बाजूला ठेवलं. आताही तसं वाटतं का, आज, या आठवड्यात, असं त्यांनी विचारलं, आणि त्यानं खरं तेच सांगितलं, की वाटतं कधी आणि नाही वाटत कधी, पण करावं असं नाही. फक्त थांबवायला आपण उठू की नाही, याचा भरवसा नाही. बराच वेळ त्या बोलल्या. सावकाश, त्याला समजेल असं. तुमची आठवण शाबूत आहे काका, मधे तुम्ही मुद्दाम चुकवत होतात तेही मला दिसलं. हा मनाचा आजार आहे, उदासीचा, याला औषध आहे, बरा होतो. तुम्हाला मागच्या बाजूला टाकलं तर बाहेरून कडी लावलेल्या खोलीत तुम्ही सगळं आठवत बसाल. आधी सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांना दाखवायचं. बरं वाटल्यावर तुम्हालाच पुढच्या बाजूला राहावंसं वाटलं तर या. तोवर एकटं राहायचं नाही. आणि एवढी एक गोष्ट मला तुमच्या मुलीला सांगावीच लागेल. सांगू ना? शंकरसिंगनं मान हलवली. ती हो होती की नाही होती हे त्याला स्वतःला कळलं नाही, पण त्या उठल्या आणि दार उघडून त्यांनी दीपाला आत बोलावलं.

दीपा ऐकत असताना तो खिडकीबाहेर बघत राहिला. तिच्या तोंडाकडे बघायची त्याची छाती झाली नाही. मॅडमचा आवाज येत होता, दीपाचा येत नव्हता. एकदाच तिनं विचारलं, म्हणजे गॅस? नंतर बापलेक बाहेर येऊन फाटकाशी ऑटोसाठी उभी राहिली, तेव्हा कपिलचा फोन आला. झालं का ॲडमिशन, कुठली बाजू दिली, असं तो विचारत असावा. दीपा म्हणाली, नाही घेतलं. मग तिकडून काहीतरी, आणि ती म्हणाली, नाही, डोकं चांगलं हाय त्याईचं. मग पुन्हा तिकडून. "चांगलं हाय म्हणून नाही घेतलं, आन् चांगलं नाही म्हणूनही नाही घेतलं," दीपा म्हणाली, "आता तुले कसं सांगू? ठेव, मंग सांगते." शंकरसिंगला वाटलं, मधलं उत्तर देता देता आपण असे मधेच राहिलो. नेरच्या घराची किल्ली खिशात होती आणि तिकडे जायचं नव्हतं. पाठीमागच्या आश्रमात जागा होती आणि तीही आपली नव्हती. दीपा ऑटोवाल्याला पत्ता सांगताना अडखळली, मग तिनं स्वतःच्या घराचा सांगितला.

दीपाचं घर यवतमाळातच, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत तिची सासू, मांडीचं हाड मोडल्यापासून खाटेवरच. जावई कृषी केंद्रात कामाला, तो संध्याकाळी आला, त्यानं काय झालं ते दीपाकडून दारातच हळू आवाजात ऐकून घेतलं, आणि शेजाऱ्याकडून एक लोखंडी पलंग उचलून आणला. तो सासूच्या खाटेसमोर लागला. "बरं झालं, मले बोलाले कोणी झालं," सासू म्हणाली. तिला काही सांगितलं नव्हतं, सकाळी दवाखान्यात जायचं आहे एवढंच सांगितलं होतं. शंकरसिंग त्या पलंगाच्या कडेवर बसून राहिला. टीव्हीवर कापसाचे भाव चालले होते. जावयानं त्याच्या चपला दाराच्या आत, कोरड्या जागी उचलून ठेवल्या. आपण आलो म्हणून या घरात एक पलंग वाढला, एक ताट वाढलं, जावयाची उद्याची सुट्टी पडली. याचं ओझं वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं, पण त्याच्या तळाशी आणखी काहीतरी होतं. ते काय, हे त्याला ठरवता येईना.

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मधेच तो थांबला, पुष्कळ वेळ थांबला. शंकरसिंग उठला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. दीपा परातीपुढे बसली होती, हात पिठात, नजर भिंतीवर. तिला तो आल्याचं कळलं होतं. दिवसभर तिनं त्याला काही विचारलं नव्हतं. काहून सांगितलं नाही, असंसुद्धा नाही. आता ती भिंतीकडेच बघत म्हणाली, "बा, याडी गेली त्या दिवशी मी रडली होती का?"

आईला, हंसाबाईला, ती याडीच म्हणायची. त्याला आधी वाटलं, हीही परीक्षाच. पण तिनं मान वळवून पाहिलं तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की तिला खरंच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मले आठवतच नाही. लोकं आठवतात, याडीची ओढणी आठवते, कोण कोण आलतं ते आठवते. मी कुठी होती तेच आठवत नाही. किती दिवस झाले, इचार करून राह्यली."

यावेळी त्यानं तिच्या तोंडाकडे बघून अंदाज घेतला नाही. तो दिवस त्याला दिसत होता, सगळाच्या सगळा. अंगणात तांड्याहून आलेल्या बाया हेल काढून रडत होत्या, पुरुष भिंतीला टेकून उभे होते, तो स्वतः पायरीवर बसलेला, आणि दीपा त्याच्यासमोरून जात होती, येत होती.

"नाही," तो म्हणाला. "तू रडली नाही. नळ आलता. कितीक दिवसानं आलता. तू पाणी भरून राह्यलती."

"पाणी?"

"हाव. टाकी भरली. बादल्या भरल्या. गंज, हंडे, कोणी काय म्हणे तिकडं तुह्यं ध्यानच नव्हतं. मंग भांडे सरले. तवा तू भरेल हंडा मोरीत ओतला, आन् पुन्हा नळाखाली लावला. अशा कितीक खेपा केल्या. मी पाहून राह्यलतो."

दीपा त्याच्याकडे बघत होती. तिचे पिठाचे हात परातीच्या काठावर होते. मग तिच्या पोटातून एक आवाज आला, जनावरासारखा, खोल, आणि ती कपाळ परातीच्या काठाला टेकवून रडायला लागली. शंकरसिंग पुढे झाला. काय करायचं असतं त्याला सुचलं नाही. डोक्यावर हात ठेवावा की पाणी द्यावं, की समजूत घालावी, आणि घालावी तर कशी. तो खाली तिच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून बसला, तिच्या खांद्याला आपला खांदा लागेल इतका जवळ. तिचं अंग हलत होतं तसं त्याचंही हलत होतं.

पुढच्या खोलीतून सासूनं घाबरून विचारलं, काय झालं, कोण पडलं. जावई उठल्याचा आवाज आला. दीपाला बोलता येत नव्हतं. तेव्हा शंकरसिंगच म्हणाला, दोन्ही खोल्यांत ऐकू जाईल असं, "काही नाही झालं. दीपा रडून राह्यली. रडू द्या तिले."

आणि तो तसाच बसून राहिला.